सर्वात ताकदवान कन्सोल सर्वात जास्त का खपत नाही?

सोल्डरगंध

कन्सोलची नवी पिढी आली की जुनंच भांडण नव्याने सुरू होतं. कुणी दोन यंत्रांचे टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात तो आकडा) शेजारी शेजारी मांडतं आणि मोठा आकडा ज्याचा तो विजेता, असं ठरवून टाकतं. लगेच दुसरं कुणी निन्टेन्डोच्या गेम बॉय आणि वी या यंत्रांची विक्री पुढे करतं आणि म्हणतं, कमजोर यंत्रच दरवेळी जिंकतं. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, म्हणून हा धागा.

गेली बरीच वर्षं मी जुनी कन्सोल उघडतोय, दुरुस्त करतोय, त्यांचे सर्किट बोर्ड बघतोय. त्यातून माझं एक मत बनलंय. यंत्रातला सर्वात मोठा आकडा बघू नका, त्यातली सर्वात अरुंद जागा शोधा. विक्रीचं कोडं बहुतेक वेळा तिथेच उलगडतं.

निन्टेन्डो ६४ घ्या. १९९६ साली आलेल्या या यंत्राचा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झवर चालायचा, पहिल्या प्लेस्टेशनचा जेमतेम ३४ मेगाहर्ट्झवर. मेमरीही जास्त, ४ एमबी. प्लेस्टेशनकडे मुख्य मेमरी २ एमबी आणि चित्रांसाठी वेगळी १ एमबी. त्रिमितीय आकृत्या निन्टेन्डोवर स्थिर दिसायच्या, प्लेस्टेशनवर कडा थरथरायच्या. कागदावर निकाल लागलेला होता. प्रत्यक्षात प्लेस्टेशन विकलं गेलं १० कोटी २४ लाख आणि निन्टेन्डो ६४ फक्त ३ कोटी २९ लाख.

अरुंद जागा दोन होत्या. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. कार्ट्रिजमध्ये मोठ्यात मोठा गेम ६४ एमबीचा, तर एका सीडीत साडेसहाशे एमबीच्या वर जागा. दुसरी चिपच्या आत दडलेली. पृष्ठभागावर चढवायच्या चित्रांसाठी, म्हणजे टेक्श्चरसाठी, फक्त ४ किलोबाइटचा कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी. त्यात मावेल एवढंच लहान चित्र घ्यायचं आणि ताणून भिंतीवर लावायचं. त्या काळच्या कितीतरी गेममध्ये भिंती धुरकट दिसतात त्याचं कारण हे. प्रोसेसर बिचारा तयार होता, पण त्याला भरवायचं कुठून?

सेगा सॅटर्नची गोष्ट याहून दुःखद. हिताची एसएच-२ जातीचे दोन प्रोसेसर, दोन व्हिडिओ चिप, शिवाय आवाजासाठी वेगळा प्रोसेसर. चिप मोजल्या तर प्लेस्टेशन फिकं पडतं. पण ते दोन प्रोसेसर मेमरीकडे जायला एकच वाट वापरायचे, त्यामुळे एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला ताटकळावं लागायचं. त्यात बाकीचं जग त्रिकोणांवर त्रिमितीय चित्र उभं करत असताना सॅटर्न चौकोनांवर करत होतं. विक्री ९२ लाखांच्या आसपास थांबली.

तुम्हाला असं दुसरं कुठलं यंत्र आठवतं का? आणि माझं मत जिथे चुकतं ते यंत्रही सांगा, त्यात मला जास्त रस आहे.

चौथा_कंट्रोलर

चुकतं ते यंत्र सांगतो. प्लेस्टेशन २.

अरुंद जागांचं म्हणाल तर तिथे रांगच लागली होती. ग्राफिक्स चिपवर फक्त ४ एमबी मेमरी. दोन व्हेक्टर युनिट, म्हणजे आकडेमोडीचे जोड-प्रोसेसर, ज्यांच्यासाठी प्रोग्राम वेगळा लिहावा लागायचा. सुरुवातीला डेव्हलपरना साधनंही धड मिळाली नव्हती. गेमक्यूबचा प्रोसेसर ४८५ मेगाहर्ट्झ, एक्सबॉक्सचा ७३३ मेगाहर्ट्झ आणि त्याच्यात ६४ एमबी मेमरी, वर ८ जीबीची हार्डडिस्क. प्लेस्टेशन २ सुमारे २९५ मेगाहर्ट्झ आणि ३२ एमबी. तरी विक्री १६ कोटींच्या पुढे. घरात टीव्हीला जोडायचं दुसरं कुठलंही कन्सोल तिथवर पोचलेलं नाही. गेमक्यूब २ कोटी १७ लाखांवर राहिला आणि पहिला एक्सबॉक्स साधारण २ कोटी ४० लाखांवर.

मग अरुंद जागेचा नियम इथे कुठे गेला?

सोल्डरगंध

मुद्दा रास्त आहे, आणि याच्यावर मीही पुष्कळ विचार केलाय.

त्या ४ एमबीबद्दल आधी. ती मेमरी चिपच्या अंगातच बसवलेली होती आणि तिची बँडविड्थ, म्हणजे माल ने-आण करायचा वेग, सेकंदाला ४८ जीबी होती. २००० सालासाठी हा आकडा अचाट आहे. म्हणजे भांडं लहान, पण भरायला आणि रिकामं करायला क्षणही लागत नाही. धूर, पाऊस, ठिणग्या, पारदर्शक थर एकावर एक चढवणं हे त्या यंत्राला इतकं सोपं जायचं, की असे काही गेम पुढच्या पिढीत नव्याने आणताना तेच परिणाम साधणं जड गेलं.

पण खरं उत्तर वेगळंय. अरुंद जागा सगळ्याच यंत्रांत असते. ती कुणाला टोचते, हा प्रश्न आहे. प्लेस्टेशन २ ची अडचण प्रोग्रामरला टोचायची. डिस्क दाबून बाजारात आणणाऱ्या प्रकाशकाला नाही, आणि गेम विकत घेणाऱ्याला तर मुळीच नाही. त्याला ४.७ जीबीची डीव्हीडी मिळाली, सिनेमे बघायची सोय मिळाली, आणि जुन्या प्लेस्टेशनचे गेमही त्याच यंत्रावर चालले. (जुन्या यंत्राचा प्रोसेसर नव्यात इनपुट-आउटपुट सांभाळायला ठेवला होता आणि जुनी डिस्क घातली की तोच पुढे यायचा. अभियांत्रिकीचा इतका सुंदर नमुना मी क्वचित पाहिलाय.)

प्रकाशकाला पुढे कोट्यवधी ग्राहक दिसत असले की प्रोग्रामर रात्री जागवतो. ग्राहक दिसत नसले तर कुणी जागत नाही.

जुनीकार्ट्रिज

धागा वाचून फार बरं वाटलं. पण कार्ट्रिजची बाजू मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

कार्ट्रिज म्हणजे नुसती साठवण नव्हे. ते यंत्राचा विस्तार असायचं. १९८३ सालच्या फॅमिकॉमकडे, म्हणजे पुढे एनईएस म्हणून जगभर गेलेल्या यंत्राकडे, कामाची मेमरी होती फक्त २ किलोबाइट. सेगा मास्टर सिस्टिमकडे ८ किलोबाइट, रंगही जास्त. पण निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमध्ये ‘मॅपर’ चिप घालता यायची, जी मेमरीची पानं उलटावीत तशी बदलून प्रोसेसरपुढे आणायची. एमएमसी१, एमएमसी३ ही नावं जुन्या मंडळींना आठवतील. त्यामुळे १९९० चा एनईएस गेम १९८३ च्या गेमशेजारी ठेवला तर दोन वेगळ्या यंत्रांवरचे वाटतात. पुढे सुपर निन्टेन्डोच्या स्टार फॉक्समध्ये (१९९३) सुपर एफएक्स नावाचा आख्खा प्रोसेसर कार्ट्रिजमध्ये बसवला होता.

सुपर निन्टेन्डोचं उदाहरण सोल्डरगंध यांच्या मताला बळच देतं. त्याचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झ, समोरच्या सेगा मेगा ड्राइव्हचा साडेसातच्या वर. सेगाने तो वेग जाहिरातीत पुरेपूर वापरला. पण पडद्यावरचे रंग, पारदर्शक थर आणि आवाजाची चिप यांत सुपर निन्टेन्डो सरस. एकाचे वेगाने पळणारे खेळ छान, दुसऱ्याचे रंगीत, गाण्यांनी भरलेले. तिथे ‘कोण ताकदवान’ या प्रश्नाला एक उत्तरच नाही.

आणि एनईएसच्या ६ कोटी १९ लाखांमागे चिपपेक्षा करार जास्त होते. निन्टेन्डोसाठी गेम काढला तर तो दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही, अशी अट प्रकाशकांवर होती. ही भिंत मास्टर सिस्टिमला कुठल्याच मेमरीने ओलांडता आली नसती.

शेडरवाली

मी ग्राफिक्स प्रोग्रामिंगचं काम करते, म्हणून २०१३ च्या पिढीबद्दल जरा सविस्तर लिहिते. ‘कमजोर यंत्र जिंकतं’ म्हणणाऱ्यांनी ही पिढी नीट बघावी, कारण इथे ताकदवान यंत्रच जिंकलं.

प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांचे प्रोसेसर एकाच घराण्यातले, एएमडीचे आठ जग्वार कोअर. मेमरी दोघांकडे ८ जीबी. फरक वाटेच्या रुंदीत होता. सोनीने जीडीडीआर५ घेतली, सेकंदाला १७६ जीबी. मायक्रोसॉफ्टने डीडीआर३ घेतली, सेकंदाला ६८ जीबी, आणि ती उणीव भरून काढायला चिपवर ३२ एमबीची वेगवान ईएसरॅम दिली.

आता ३२ एमबी पुरते का, ते कागदावर मांडून बघू. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक थर साधारण ८.३ एमबीचा. आजकालच्या पद्धतीत रंग, पृष्ठभागाची दिशा, चमक वगैरे साठवायला असे चार थर आणि खोलीचा पाचवा धरा. झाले ४१ एमबी. ईएसरॅममध्ये मावत नाही. तेच १६०० गुणिले ९०० करा. एक थर ५.७६ एमबी, पाच थर मिळून २८.८ एमबी. आता मावतं! एक्सबॉक्स वनवर एवढे गेम ९००पी का असायचे, याचा मोठा भाग या हिशोबात आहे. प्रत्येक इंजिन थर वेगळे मांडतं, त्यामुळे काहींनी तुकडे पाडून १०८०पी साधलंही. पण त्यासाठी वेळ द्यावा लागायचा आणि पहिल्या वर्षी तो कुणाकडेच नव्हता. कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स प्लेस्टेशन ४ वर १०८०पी आला, एक्सबॉक्स वनवर ७२०पी.

शिवाय १.८४ टेराफ्लॉप्स विरुद्ध १.३१. आणि वर कायनेक्ट हा हालचाल ओळखणारा कॅमेरा सक्तीचा, त्यामुळे अमेरिकेत एक्सबॉक्स ४९९ डॉलरला आणि प्लेस्टेशन ३९९ ला. कमी ताकद, जास्त किंमत. प्लेस्टेशन ४ ची विक्री ११ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली. मायक्रोसॉफ्टने २०१५ नंतर यंत्रांची विक्री जाहीर करणंच थांबवलं.

आकडेमोड

शेडरवालींचा हिशोब जपून ठेवण्यासारखा आहे. मी विक्रीच्या आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण तेही डोळे झाकून घेतले जातात.

कंपन्या जे आकडे देतात ते बहुतेक शिपमेंटचे असतात. म्हणजे कारखान्यातून दुकानदारांकडे गेलेली यंत्रं. शेवटच्या ग्राहकाने किती घेतली, हा आकडा वेगळा. यंत्र जोरात खपत असतं तेव्हा दोन्ही जवळजवळ असतात, खप मंदावला की माल फळीवर पडून राहतो आणि शिपमेंटचा आकडा खुशालीचाच दिसतो.

दुसरं, वयाचा फरक. प्लेस्टेशन २ चं उत्पादन बारा वर्षांहून जास्त काळ चाललं. सेगाचं ड्रीमकास्ट जपानमध्ये नोव्हेंबर १९९८ ला आलं आणि मार्च २००१ मध्ये बंद झालं. एकाची १६ कोटी आणि दुसऱ्याची ९१ लाख शेजारी ठेवताना हे लक्षात घ्यायलाच हवं. समान वयाची तुलना करा, म्हणजे पहिल्या दोन-अडीच वर्षांची. ड्रीमकास्ट तरीही मागेच राहतं, पण ते चित्र खरं असतं.

तिसरं, प्लेस्टेशन ३ ‘हरलं’ असं सर्रास लिहितात. शेवटी त्याची विक्री ८ कोटी ७४ लाखांवर गेली आणि एक्सबॉक्स ३६० ची ८ कोटी ४० लाखांच्या वर होती. यंत्रांची संख्या मोजली तर ही जवळजवळ बरोबरी आहे. पण आधीच्या पिढीत हीच सोनी कित्येक पटींनी पुढे होती. तिथून बरोबरीवर येणं म्हणजे काय गमावलं, ते संख्येत दिसत नाही.

चौथा_कंट्रोलर

प्लेस्टेशन ३ चा विषय निघालाच आहे, तर सोल्डरगंध, तुमचं ‘ग्राहक दिसले की प्रोग्रामर जागतो’ हे तिथेही लागू व्हायला हवं होतं ना? सोनीच्या मागे प्लेस्टेशन २ चे कोट्यवधी ग्राहक होतेच.

सोल्डरगंध

सोनीनेही तेच गृहीत धरलं होतं असं मला वाटतं, आणि तिथेच घात झाला.

सेल प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा. एक मुख्य कोअर आणि भोवती आठ छोटे, एसपीई म्हणतात ते. त्यातला एक कारखान्यातच बंद ठेवलेला, एक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखीव, म्हणजे गेमला सहा. प्रत्येक एसपीईकडे स्वतःची २५६ किलोबाइट मेमरी, आणि मुख्य मेमरीतून त्यात माल आणायचा तो प्रोग्रामरने स्वतः हाताने. नीट भरलं तर तुफान. अमेरिकी हवाई दलाने २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभा केला होता, तो उगाच नव्हे. पण गेमचा कोड असा सरळ रेषेत वाहत नाही. तो पावलोपावली ‘असं असेल तर तसं’ करत जातो.

मेमरीही दुभंगलेली. २५६ एमबी प्रोसेसरची, २५६ एमबी ग्राफिक्सची. एक्सबॉक्स ३६० मध्ये तेवढीच ५१२ एमबी, पण एकत्र. ज्याला जेवढी हवी तेवढी घ्या. आणि ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आलं, वर्षभर आधी. त्यामुळे २००६ च्या अखेरीला प्रकाशकासमोर दोन पर्याय होते. एक सोपं यंत्र, ज्याचे ग्राहक तयार आहेत. दुसरं अवघड, अमेरिकेत ५९९ डॉलरपर्यंत जाणारं, ब्ल्यू-रेच्या निळ्या लेझरच्या टंचाईमुळे युरोपात मार्च २००७ पर्यंत पोचलंच नाही असं. प्लेस्टेशन २ च्या वेळी समोर असा पर्याय उभा नव्हता. ड्रीमकास्ट होतं, पण प्लेस्टेशन २ आल्यावर ते वर्षभरात मिटलं.

सोनीने हा धडा घेतला हे मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. मार्क सर्नी यांनी प्लेस्टेशन ४ ची रचना करताना आधी गेम बनवणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय. उत्तर आलं, एकत्र मेमरी. ती मिळाली.

पिक्सेलपूर

हातातल्या यंत्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही. तिथे अरुंद जागा बॅटरी असते!

गेम बॉय (१९८९): १६० गुणिले १४४ पिक्सेल, राखाडी-हिरव्या चार छटा, पडद्यामागे दिवा नाही. चार एए सेलवर पंधरा तास सहज. सेगा गेम गिअर: रंगीत पडदा, मागे दिवा, सहा सेल आणि तीन ते पाच तासांत खेळ खलास. अटारी लिंक्सचीही तीच गत. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाख, गेम गिअर एक कोटीच्या आसपास.

गेम बॉय घडवणारे निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांचा विचारच असा होता की जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. लोक याला काटकसर म्हणतात. मला तो खेळणाऱ्याबद्दलचा कळवळा वाटतो. प्रवासात निघालेल्या मुलाच्या हातात यंत्र मध्येच विझू नये, हे त्यांनी रंगांच्या वर ठेवलं.

सोनीच्या हातातल्या व्हीटाचं दुःख निराळं. चार कोअर, ५१२ एमबी मेमरी, ओएलईडी पडदा. निन्टेन्डोचं थ्रीडीएस त्याच्यासमोर तांत्रिकदृष्ट्या फारच किरकोळ. पण व्हीटाला लागणारं मेमरी कार्ड फक्त सोनीचंच, आणि महाग. अरुंद जागा गेम घेणाऱ्याच्या खिशात निघाली. निन्टेन्डोने मात्र थ्रीडीएसचा खप अडल्यावर सहा महिन्यांच्या आत अमेरिकेतली किंमत २५० डॉलरवरून १७० वर आणली. पुढे थ्रीडीएस ७ कोटी ५९ लाखांवर पोचलं.

नवखा_०७

मग आताच्या पिढीत एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्स आणि प्लेस्टेशन ५ दहा, तरी गेम सारखेच का दिसतात? मला खरंच कळत नाही.

शेडरवाली

छान प्रश्न आहे. टेराफ्लॉप्स कुठून येतात ते आधी बघ. कॉम्प्युट युनिटची, म्हणजे ग्राफिक्स चिपमधल्या आकडेमोडीच्या गटांची, संख्या गुणिले ६४ गुणिले २ गुणिले घड्याळाचा वेग. प्लेस्टेशन ५: ३६ × ६४ × २ × २.२३ गिगाहर्ट्झ, साधारण १०.२८. सिरीज एक्स: ५२ × ६४ × २ × १.८२५, म्हणजे १२.१५. हा फक्त गुणाकार आहे. प्रत्येक युनिट प्रत्येक क्षणी पूर्ण भरलेलं असेल, असं तो धरून चालतो. तसं कधीच नसतं.

प्लेस्टेशनचं घड्याळ जास्त वेगाने चालतं, त्यामुळे त्रिकोण पिक्सेलमध्ये उतरवणं, कॅशचा वेग, ही युनिटबाहेरची कामं तिथे लवकर होतात. ५२ युनिट सतत कामाला जुंपणं ३६ पेक्षा अवघड. सिरीज एक्सची १६ जीबी मेमरीही दोन वेगांची आहे, १० जीबी सेकंदाला ५६० जीबीने आणि ६ जीबी ३३६ ने. प्लेस्टेशन ५ ची सगळी ४४८ ने. त्यावर प्रत्येक एक्सबॉक्स गेम ४ टेराफ्लॉप्स आणि १० जीबीच्या सिरीज एसवरही चालवावा लागतो. एवढं सगळं एकत्र केलं की तो वीस टक्क्यांचा फरक पडद्यावर येईपर्यंत विरघळतो.

आकडेमोड

याला जोडून वी यू. २०१२ सालचं, विक्री १ कोटी ३५ लाख. त्याच्या आधीचं वी १० कोटी १६ लाख. वी ७२९ मेगाहर्ट्झचं, ४८०पीचं यंत्र होतं. दोघंही आपापल्या काळातली सर्वात कमजोर. ‘कमजोर जिंकतं’ म्हणणाऱ्यांनी दोघांना एकत्र बघावं. वीच्या हातातल्या कंट्रोलरने खेळ काय आहे हे बघताक्षणी समजायचं. वी यू म्हणजे नवं यंत्र की जुन्याचा जोड, हेच ग्राहकाला उमगलं नाही.

जुनीकार्ट्रिज

आणि त्यानंतर आलेलं स्विच? टेग्रा एक्स१ ही २०१५ ची चिप, ४ जीबी मेमरी, आणि १५ कोटींच्या वर विक्री. त्यावर द विचर ३ आणला तो ३२ जीबीच्या कार्डात सगळ्या विस्तारांसकट. रिझोल्यूशन खाली गेलं, गवत विरळ झालं, पण तो गेम हातात घेऊन कुठेही बसता आलं. माझ्यासाठी हे अजूनही आश्चर्य आहे.

सोल्डरगंध

यावरूनच मला सध्या स्विच २ ची काळजी वाटते. जून २०२५ मध्ये आलं, पहिल्या चार दिवसांत ३५ लाख, म्हणजे विक्रीची चिंता नाही. मेमरी १२ जीबी, चित्र मोठं करणाऱ्या डीएलएसएस तंत्रामुळे कमी पिक्सेलमधून चांगलं चित्र. चिपबद्दल माझी तक्रार नाही.

पण गेमची कार्डं महाग आहेत, आणि वेगवान. स्वस्त डिस्कची सवय झालेला प्रकाशक ती किंमत द्यायला कां-कूं करतो. म्हणून ‘गेम-की कार्ड’ आलं. कार्डात गेमच नाही, फक्त परवाना. गेम उतरवून घ्यायचा, तो २५६ जीबीच्या अंतर्गत जागेत. ती भरली तर साधं मायक्रोएसडी चालत नाही, एक्सप्रेस जातीचंच हवं.

सायबरपंक २०७७ मात्र ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण आला. मला रेसिडेंट ईव्हिल २ आठवला. १९९९ मध्ये एंजल स्टुडिओजने प्लेस्टेशनच्या दोन सीडी निन्टेन्डो ६४ च्या ६४ एमबी कार्ट्रिजमध्ये बसवल्या होत्या, चलचित्रांसकट. ते कार्ट्रिज माझ्याकडे आहे. आजही घातलं की सुरू होतं. आजची की-कार्डं पंचवीस वर्षांनी घातली तर काय होईल, यावर जुनीकार्ट्रिज यांचं मत ऐकायला आवडेल.

जुनीकार्ट्रिज

जोवर समोरचा सर्व्हर चालू, तोवर गेम. जुन्या कार्ट्रिजमध्ये कधी कधी सेव्ह सांभाळणारी बटण बॅटरी मरायची, ती मी अजून बदलून देते. सोल्डरिंग गन आणि दहा मिनिटं पुरतात. की-कार्ड उघडून मी काय दुरुस्त करणार?